स्विचला शिदोरी किती?

समजा, एका परीक्षाकेंद्रावर संगणकावरची परीक्षा चालू आहे. चाळीस विद्यार्थी, चाळीस संगणक. प्रश्न दूरच्या सर्व्हरवरून येत आहेत, उत्तरे तिकडे जात आहेत. एवढ्यात वीज जाते. पंखे थांबतात, दिवे विझतात. पण प्रत्येक टेबलाखाली यू.पी.एस.ची पेटी आहे, त्यामुळे एकही पडदा काळा होत नाही. पर्यवेक्षक सुटकेचा निःश्वास टाकतात. आणि अर्ध्या मिनिटाच्या आत चाळीसही पडद्यांवर एकच वाक्य उमटते : सर्व्हरशी संपर्क तुटला आहे.

हे ‘समजा’ केवळ उदाहरणापुरते नाही. असा प्रकार एका केंद्रावर मी प्रत्यक्ष पाहिला आहे. शोधाशोध केल्यावर कारण सापडले ते बाहेरच्या व्हरांड्यात. तिथे फळीवर एक चपटी लोखंडी पेटी होती. चाळीस संगणकांच्या तारा तिच्यात येऊन मिळत होत्या आणि तिची स्वतःची पिन मात्र भिंतीवरच्या साध्या सॉकेटमध्ये खोचलेली होती. चाळीस संगणकांसाठी सुमारे ४००० वॅटची पर्यायी वीज तयार ठेवली होती. १८ वॅटच्या पेटीसाठी काहीच नव्हते.

या पेटीला स्विच म्हणतात. नावाने फसू नका. भिंतीवरच्या दिव्याच्या बटणाशी तिचा संबंध नाही. टपाल कचेरीत पत्रे वेगळी करणारा माणूस जे काम करतो, तेच काम ही पेटी करते. प्रत्येक संगणकाच्या जाळे-कार्डाला कारखान्यातच एक क्रमांक मिळालेला असतो. कोणता क्रमांक आपल्या कोणत्या दारापलीकडे आहे, याची यादी स्विच स्वतःच्या स्मृतीत तयार करतो आणि आलेला संदेश नेमक्या त्याच दारातून बाहेर काढतो. सेकंदाला लाखो वेळा.

ही यादी विजेच्या आधारावर टिकते. वीज तुटली की यादी पुसली जाते. वीज परत आल्यावर स्विचला आपला कार्यक्रम पुन्हा वाचावा लागतो, स्वतःची तपासणी करावी लागते. साधा स्विच यातून काही सेकंदांत उठतो, मोठ्या स्विचला काही मिनिटेही लागतात. शिवाय दोन स्विचांमध्ये दोन वाटा जोडलेल्या असतील तर संदेश गोलगोल फिरत राहण्याचा धोका असतो. तो टाळण्यासाठी शहाणे स्विच उठल्याबरोबर दारे उघडत नाहीत. या नियमाच्या मूळ रूपात प्रत्येक दार १५ सेकंद नुसते ऐकते आणि आणखी १५ सेकंद शिकते, मगच संदेश पुढे जाऊ देते. म्हणजे विजेने दोन सेकंदांची डुलकी घेतली, तरी जाळे दोन-तीन मिनिटे बंद पडू शकते.

तेव्हा या पेटीला विजेची शिदोरी हवीच. प्रश्न असा, की कोणती आणि किती? दुकानात विचारलेत तर बहुधा उत्तर मिळेल, “सहाशे व्ही.ए.चा घ्या, सगळे चालते.” या उत्तरावर विश्वास ठेवायचा की नाही, हे तुम्ही दहावीच्या भौतिकशास्त्रावरून ठरवू शकता.

पहिले काही मिलिसेकंद

प्रथम हे पाहू, की वीज गेल्याक्षणी स्विचच्या पोटात काय होते.

आपल्या घरात येणारी वीज प्रत्यावर्ती असते. २३० व्होल्ट, सेकंदाला ५० आवर्तने, म्हणजे एका आवर्तनाला २० मिलिसेकंद. स्विचमधल्या चकत्यांना मात्र काही व्होल्टचाच दिष्ट प्रवाह लागतो. हे रूपांतर करणारे मंडल पेटीतच असते. ते आधी प्रत्यावर्ती दाब एकाच दिशेचा करते आणि एका धारित्रात, दुकानदाराच्या भाषेत कपॅसिटरमध्ये, साठवते. २३० व्होल्ट हे झाले सरासरीच्या एका प्रकाराने काढलेले मूल्य. दाबाचे शिखर २३० गुणिले २ चे वर्गमूळ, म्हणजे ३२५ व्होल्ट असते, आणि धारित्र या शिखरापर्यंत भरते.

धारित्रातील ऊर्जेचे सूत्र आहे : धारिता गुणिले दाबाचा वर्ग, भागिले २. धारित्र ४७ मायक्रोफॅरडचा आहे असे धरा. ३२५ व्होल्टला त्यात सुमारे २.५ ज्यूल ऊर्जा असते. दाब २०० व्होल्टपर्यंत उतरेतो पुढचे मंडल काम करते असे मानले, तर त्या वेळी ०.९ ज्यूल शिल्लक असतात. मधले १.५ ज्यूल आपल्या कामाचे. स्विच २० वॅट खात असेल, तर १.५ भागिले २० म्हणजे ०.०७५ सेकंद. वीज गेल्यावरही स्विच ७५ मिलिसेकंद, जवळजवळ चार आवर्तने, जिवंत राहतो!

पूर्ण भार असताना मात्र ही मुदत पुष्कळच आखडते, १० ते २० मिलिसेकंदांवर येते. म्हणून पर्यायी वीज त्याआधी पोहोचली पाहिजे. साधा यू.पी.एस. भिंतीवरची वीज जशीच्या तशी पुढे देतो आणि ती गेली, की साधारण ५ ते १० मिलिसेकंदांत बॅटरीकडे वळतो. स्विचला पत्ताही लागत नाही. घरातल्या मोठ्या इन्व्हर्टरचे तसे नाही. पुष्कळ इन्व्हर्टरांच्या मागच्या बाजूला एक लहान बटण असते. एका स्थितीत तो चटकन वळतो, दुसऱ्या स्थितीत कित्येक आवर्तने निघून जातात. पंख्याला आणि दिव्याला काही बिघडत नाही, पण राउटर मात्र दर वेळी नव्याने सुरू होतो. “आमच्याकडे इन्व्हर्टर आहे, तरी इंटरनेट का तुटते?” असा प्रश्न घरी पडला असेल, तर आधी ते बटण मोठ्या माणसांना पाहायला सांगा. सोबतची माहितीपुस्तिका वाचली तर कोणती स्थिती हवी ते कळेल.

यू.पी.एस.चा दुसरा प्रकार वीज कमी-जास्त झाली तर दाब सावरूनही देतो. तिसऱ्या प्रकारात बाहेरची वीज आधी दिष्ट होते, बॅटरी त्याच वाटेवर कायम जोडलेली असते आणि तिथून नव्याने प्रत्यावर्ती वीज बनते. यात वळण्याचा काळ शून्य. पण दोनदा रूपांतर होत असल्याने दिवसरात्र थोडी ऊर्जा उष्णतेच्या रूपाने वाया जाते आणि पंखा घुरघुरत राहतो. रुग्णालयातल्या महत्त्वाच्या उपकरणांना हा प्रकार योग्य. शाळेतल्या स्विचसाठी तो घेणे म्हणजे शेजारच्या गल्लीत जायला आगगाडीचे आरक्षण करणे होय.

दाब सावरण्यासाठीही फार पैसे मोजू नका. स्विचच्या नावपट्टीवर पाहा. बहुतेकांवर ‘१०० ते २४० व्होल्ट’ असे लिहिलेले असते. गावात संध्याकाळी दाब १७० व्होल्टपर्यंत उतरला तरी स्विच आनंदात चालतो. उलट, फार हळवा यू.पी.एस. दाब जरा उतरला की बॅटरीवर जातो आणि खरी वीज जाते तेव्हा बॅटरी अर्धी रिकामी असते!

किती वॅट, किती तास

आता दुकानदाराच्या ‘सहाशे व्ही.ए.’कडे वळू. व्ही.ए. म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअर. दिष्ट प्रवाहात या गुणाकारालाच आपण वॅट म्हणतो. प्रत्यावर्ती प्रवाहात मात्र दाब आणि प्रवाह यांच्या लाटा एकमेकींच्या पावलावर पाऊल टाकून चालतीलच असे नाही, त्यामुळे खरी शक्ती गुणाकारापेक्षा कमी भरते. बाजारातल्या पुष्कळशा ६०० व्ही.ए.च्या पेट्यांवर बारीक अक्षरांत ३६० वॅट असे छापलेले आढळेल. आपल्याला ती बारीक अक्षरे वाचायची आहेत.

आणि ती वाचूनही आपले उत्तर मिळत नाही. ३६० वॅट हे सांगते, की एका वेळी किती भार उचलता येईल. किती वेळ उचलता येईल, हे त्यात कुठेच नाही. हमाल ५० किलोचे पोते उचलू शकतो, एवढ्यावरून तो ते घेऊन किती कोस जाईल हे सांगता येते का? शक्ती वेगळी, ऊर्जा वेगळी. बॅकअप विकत घेताना होणारी सर्वांत मोठी गफलत हीच आहे. स्विचला मोठी शक्ती नकोच आहे. त्याला थोडी शक्ती दीर्घकाळ हवी आहे.

ऊर्जा असते बॅटरीत. ६०० व्ही.ए.च्या पेटीत सहसा १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासाची शिसे-आम्ल बॅटरी असते. गुणाकार केला तर ८४ वॅट-तास. आपल्या शाळेचा भार मांडू : २४ दारांचा स्विच १८ वॅट, प्रकाशतंतूची तार जिथे येऊन मिळते ती पेटी १० वॅट, वाय-फायचा राउटर १२ वॅट. एकूण ४० वॅट. ८४ भागिले ४०, म्हणजे दोन तासांहून थोडे अधिक. छान!

पण पेटी लावून घड्याळ घेऊन बसलात, तर साधारण तासाभरात ती मान टाकेल. मधला एक तास कुठे गेला?

काही भाग बॅटरीच्या दिष्ट विजेची प्रत्यावर्ती वीज करताना गेला. १०० वॅट-तास घातले तर ८० च्या आसपास बाहेर पडतात. म्हणजे ४० वॅट देण्यासाठी बॅटरीतून ५० वॅट, सुमारे ४ अँपिअर, ओढावे लागतात. दुसरा भाग जातो तो बॅटरीच्या रसायनशास्त्रामुळे, आणि हा फार मनोरंजक आहे. फ्रेंच शास्त्रज्ञ गास्तों प्लान्ते याने १८५९ मध्ये ही बॅटरी बनवली. तिच्यात एक पट्टी शिशाची, दुसरी शिशाच्या डायऑक्साइडची आणि मध्ये सौम्य सल्फ्युरिक आम्ल असते. वीज देताना दोन्ही पट्ट्यांवर लेड सल्फेट साचते आणि आम्ल पातळ होत जाते. हे आम्ल पट्टीच्या बारीक छिद्रांत खर्च होते आणि बाहेरून नवे आम्ल हळूहळू झिरपत आत येते. प्रवाह बेताचा असेल तर ते वेळेवर पोहोचते. प्रवाह मोठा असेल तर छिद्रांतले आम्ल आधीच संपते आणि आत माल शिल्लक असूनही बॅटरी ‘रिकामी’ भासते. थोडी विश्रांती दिली तर ती पुन्हा थोडा वेळ चालते, हे टॉर्चच्या सेलबाबत तुम्ही अनुभवले असेल. विल्हेल्म प्यूकर्ट या जर्मन संशोधकाने १८९७ मध्ये प्रवाह आणि उपलब्ध क्षमता यांचा संबंध मांडला.

बॅटरीवर छापलेले ७ अँपिअर-तास हे २० तासांत सावकाश रिकामी करण्याच्या हिशेबाने असतात, म्हणजे फक्त ०.३५ अँपिअर ओढले तर! तासाभरात रिकामी करायची म्हटली, की तीतून साधारण ६० ते ६५ टक्केच हाती लागते. याचीच दुसरी बाजू अशी, की तशाच दोन बॅटऱ्या शेजारी-शेजारी, समांतर, जोडल्या तर प्रत्येकीवर निम्माच प्रवाह येतो आणि वेळ दुपटीहून अधिक मिळतो. मात्र असली जोडणी घरच्या घरी करू नका. लहान यू.पी.एस.चा चार्जर आणि त्याची थंड राहण्याची सोय अर्ध्या-पाऊण तासाच्या हिशेबाने केलेली असते. तासन्‌तास चालायचे असेल, तर बाहेरून बॅटरी जोडण्याची सोय असलेले मॉडेलच घ्यावे.

आपला भार किती हे कसे कळणार? नावपट्टीवर ‘१.५ अँपिअर’ असते. २३० ने गुणले तर ३४५ वॅट येतात. तो आहे कमाल आकडा, सुरक्षिततेसाठी छापलेला. खरा खप त्याच्या कितीतरी खाली असतो. खप मोजणारे लहान यंत्र सॉकेटमध्ये खोचून पाहणे उत्तम. ते नसेल तर घरच्या विजेच्या मीटरकडे जा. त्यावर एक तांबडा दिवा लुकलुकतो आणि शेजारी ‘एका युनिटला ३२०० लुकलुकी’ अशा अर्थाचा आकडा छापलेला असतो. तुमच्या मीटरवर आकडा वेगळा असेल तर तो घ्या. एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल. भागाकार करा : एका लुकलुकीला ११२५ ज्यूल. आता घरातले सगळे बंद करून फक्त राउटर चालू ठेवा आणि दोन लुकलुकींमधला काळ मोजा. ११२ सेकंद आले तर राउटर १० वॅटचा आहे. फ्रिज बंद करण्यापूर्वी घरच्यांची परवानगी घ्या, हे वेगळे सांगायला नको. इतक्या कमी खपाला मीटर अगदी अचूक नसतो, पण आपल्या कामाला हा अंदाज पुरतो.

तारेतून जाणारे अन्न

आतापर्यंत आपण स्विचच्या स्वतःच्या भुकेचा विचार केला. काही स्विच मात्र घरातल्या कर्त्या माणसासारखे असतात. स्वतः जेवतात आणि दहा जणांना जेवू घालतात. संदेशाच्या त्याच तारेतून ते कॅमेऱ्यांना, टेलिफोनना आणि वाय-फायच्या तबकड्यांना वीजही पुरवतात. याचे पहिले प्रमाण २००३ मध्ये ठरले आणि त्यातले आकडे वर्गात फळ्यावर मांडण्याजोगे आहेत.

स्विचने दाराशी निदान ४४ व्होल्ट द्यायचे, प्रवाह जास्तीत जास्त ०.३५ अँपिअर. गुणाकार १५.४ वॅट. १०० मीटर लांबीच्या तारेचा जाऊन-येऊन रोध २० ओहम धरला आहे. ओहमच्या नियमाने तारेत पडणारा दाब ०.३५ गुणिले २०, म्हणजे ७ व्होल्ट. कॅमेऱ्यापाशी उरले ३७ व्होल्ट. ३७ गुणिले ०.३५ बरोबर १२.९५ वॅट. प्रमाणात कॅमेऱ्यासाठी नेमका हाच आकडा लिहिलेला आहे! उरलेले २.४५ वॅट तारेने गरम होण्यात घालवले. पुढे २००९ मध्ये दाराची मर्यादा ३० वॅट झाली, २०१८ मध्ये ९० वॅट.

तेव्हा असा स्विच असेल, तर आपला हिशेब पार बदलतो. ६ वॅटचे आठ कॅमेरे जोडले, की ४८ वॅट वाढले. रूपांतरातली घट धरून १८ वॅटचा स्विच ७०-७५ वॅट मागू लागतो. मघाच्या शिदोरीत तो अर्धा तासही काढणार नाही. इथे भौतिकशास्त्र बाजूला ठेवून एक निर्णय घ्यावा लागतो : वीज गेल्यावर नेमके काय चालू राहायला हवे? रात्री राखणीचे कॅमेरे हवेत, हे पटते. पण खाऊच्या काउंटरवरची वाय-फायची तबकडी? चांगल्या स्विचमध्ये दारांना अग्रक्रम ठरवून देता येतो, ठरावीक दारांची वीज बंद ठेवता येते. आणि हो, लेसर प्रिंटर यू.पी.एस.ला कधीच जोडू नये. कागदावरची पूड वितळवण्यासाठी तो एकदम कित्येकशे वॅट ओढतो आणि सगळ्यांनाच उपाशी ठेवतो.

या व्यवस्थेत ४८ व्होल्टच्या आसपासचा दाब का निवडला असेल? तुमच्या आजोबांना विचारा, त्यांच्या घरचा तारेचा टेलिफोन वीज गेल्यावर बंद पडत होता का? नाही. त्या फोनला वीज घरातून नव्हे, टेलिफोन केंद्रातून त्याच दोन तारांवरून येत असे. केंद्रात बॅटऱ्यांची स्वतंत्र खोली होती. २ व्होल्टचे २४ मोठे शिसे-आम्ल घट एकामागे एक जोडले, की ४८ व्होल्ट. ६० च्या खालचा दाब माणसाला तुलनेने कमी धोक्याचा आणि तरी काही किलोमीटर जाण्याइतका भक्कम. टेलिफोनचा तो वारसा आज स्विचच्या दारातून पुढे चालू आहे.

वारशातली एक गोष्ट मात्र गळाली. प्रकाशतंतू ही काच आहे, तीतून आपल्याला वीज येत नाही. पूर्वी बॅटरीची काळजी केंद्रातले तंत्रज्ञ वाहत. आता ती तुमच्या घरातल्या पेटीवर येऊन पडली आहे. घरात एकटे राहणारे आजारी आजोबा असतील आणि त्यांचा फोन प्रकाशतंतूवर असेल, तर १० वॅटची ती पेटी म्हणजे त्यांचा डॉक्टरांशी असलेला धागा आहे.

घरच्या राउटरसाठी एक सोपा उपाय बाजारात मिळतो. लिथियम घट असलेली, सरळ १२ व्होल्ट दिष्ट वीज देणारी हाताएवढी डबी. एरवी बॅटरीतली दिष्ट वीज इन्व्हर्टर प्रत्यावर्ती करतो आणि राउटरचा अडॅप्टर ती पुन्हा दिष्ट करतो, दोन्हीकडे जकात भरावी लागते. डबीत हा फेरा टळतो. मात्र तिच्यावरचा आकडा नीट वाचा. ‘१०,००० मिलिअँपिअर-तास’ हा आकडा आतल्या ३.७ व्होल्टच्या घटाचा असतो. ऊर्जा झाली १० गुणिले ३.७, म्हणजे ३७ वॅट-तास. १२ ने गुणून १२० म्हणाल तर फसाल. रूपांतरातली घट वजा जाता ८ वॅटचा राउटर त्यावर जवळपास चार तास चालेल. जोडण्यापूर्वी राउटरला ९ व्होल्ट लागतात की १२, आणि पिनेच्या मध्यभागी धन टोक आहे की ऋण, हे जुळवून घ्या. नाहीतर वीज न जाताच राउटर जाईल.

साखळीतली सर्वांत छोटी मुदत

शाळेच्या स्विचला दोन तासांची शिदोरी दिली. आता निश्चिंत? थांबा. तुमच्या वर्गातला स्विच मुख्य खोलीतल्या स्विचला जोडलेला असतो, तो सेवा देणाऱ्याच्या पेटीला आणि ती पुढच्या चौकातल्या पेटीला. एकीत दोन तास, दुसरीत एक तास आणि चौकातल्या पेटीत वीस मिनिटे पुरेल एवढी बॅटरी असेल, तर तुमचे इंटरनेट वीस मिनिटे चालेल. बेरीज नाही, सरासरी नाही, सर्वांत लहान संख्या. म्हणून एकाच ठिकाणी भारी पेटी घेण्यापेक्षा वाटेवरची प्रत्येक पेटी पायी फिरून शोधावी आणि आपल्या हद्दीतल्या सगळ्यांना सारखी मुदत द्यावी. जिन्याखाली, माळ्यावर, शिपाईकाकांच्या कपाटामागे असे स्विच हमखास सापडतात!

सेवा घेताना एक प्रश्न अवश्य विचारा : केंद्रापासून आमच्यापर्यंत वाटेत विजेवर चालणारी पेटी आहे का? काही ठिकाणी इमारतीच्या गच्चीवर वा जिन्यात स्विच असतो आणि त्याला कुणाच्यातरी मीटरवरून वीज घेतलेली असते. ती गेली की सगळी इमारत गप्प. दुसऱ्या पद्धतीत केंद्रातून निघालेला प्रकाश वाटेत नुसत्या काचेच्या विभाजकातून ३२ घरांत वाटला जातो. प्रत्येकाच्या वाट्याला फार तर बत्तिसावा हिस्सा, पण तेवढा पुरतो आणि त्या विभाजकाला वीज लागतच नाही. अशा वाटेवर फक्त दोन टोके जागी असली की झाले.

मुदत किती ठेवायची, हे आपल्या गावच्या अनुभवावरून ठरते. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी मुंबई महानगरातली वीज गेली आणि लोकलगाड्याही जागच्या जागी थांबल्या. करोनाचे दिवस होते, शाळा घरातल्या पडद्यावर भरत होती. पुष्कळ भागांत वीज परत यायला काही तास लागले. तिथे पंधरा मिनिटांचा यू.पी.एस. काय उपयोगाचा? त्याच वर्षी ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ कोकणच्या किनाऱ्यावर आदळले आणि कित्येक गावे दिवसेंदिवस अंधारात राहिली. तिथे कोणतीच बॅटरी एकटी पुरणार नाही. सौर तावदान किंवा जनित्र हवे, आणि बॅटरीचे काम फक्त ते सुरू होईपर्यंत वेळ भरून काढण्याचे. परीक्षाकेंद्राला जनित्र असेल तर अर्धा तास पुष्कळ झाला. नसेल तर परीक्षेची पूर्ण मुदत आणि वर अर्धा तास धरावा, असे माझे मत आहे.

राहता राहिली निगा. शिसे-आम्ल बॅटरीला उष्णता मानवत नाही. २५ अंशांच्या वर दर ८ ते १० अंशांना तिचे आयुष्य निम्मे होते, असा ढोबळ नियम आहे. चंद्रपूर किंवा अकोल्याच्या मे महिन्यात, पत्र्याखालच्या बंद कपाटात ठेवलेली बॅटरी चार वर्षांची असेल तर वर्षभरात संपली म्हणून तक्रार करू नये. रिकामी झालेली बॅटरी तशीच ठेवली तर पट्ट्यांवरचे लेड सल्फेट कठीण स्फटिकांत बदलते आणि मग ती पुरती भरत नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत संगणक कक्षाचा मुख्य खटका पाडून सगळे गावी जातात, तेव्हा नेमके हेच घडते. लिथियम-लोह-फॉस्फेट घट जास्त वेळा भरता येतात आणि मोठ्या प्रवाहाला इतके कुरकुरत नाहीत, पण ते महाग असतात आणि त्यांना त्यांचाच चार्जर लागतो. जुन्या यू.पी.एस.मध्ये शिशाच्या जागी ते बसवू नयेत.

महिन्यातून एकदा, शाळा सुटल्यावर, शिक्षकांच्या देखरेखीखाली चाचणी घ्या. भिंतीवरचा खटका बंद करा, घड्याळ लावा आणि इंटरनेट किती मिनिटांनी तुटते ते वहीत लिहा. पूर्ण रिकामी होऊ देऊ नका, ठरलेल्या मुदतीच्या अर्ध्यापर्यंत चालली तरी अंदाज येतो. पेटी मात्र कुणीही उघडायची नाही. मघाशी पाहिलेला तो ३२५ व्होल्टचा धारित्र पिन काढल्यावरही काही काळ भरलेला राहू शकतो. नव्या बॅटरीवर बसवल्याची तारीख ठळक शाईने लिहा. मूळ मुदतीच्या ८० टक्क्यांखाली उतरली की बदलून टाका आणि जुनी बॅटरी विक्रेत्याकडेच परत द्या. आतले शिसे विषारी आहे, पण ते जवळजवळ सगळे वितळवून पुन्हा नव्या बॅटरीत घालता येते.